दिवस राहिल्याचं कळायच्या आत एक्स-रे काढला गेला…

मागच्या अंकात सोनोग्राफीचा रिपोर्ट कसा वाचावा यावर काही प्रश्न घेतले होते. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं गरोदरपणाची आहेत, आणि बऱ्याच जणींचा सूर एकच: ‘फोटो निघून गेला, आता बाळाचं काय?’ म्हणून या वेळची पानं त्यांच्यासाठी. मी रेडिओलॉजिस्ट आहे, प्रसूतितज्ज्ञ नाही. यंत्र, किरणं आणि पडद्यावर दिसतं ते, एवढ्यापुरतंच बोलेन. पत्रं लांबलचक होती, ती कापली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : माझं वय ३१. कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी कमरेच्या मणक्याचा एक्स-रे सांगितला. समोरून एक आणि बाजूने एक, असे दोन फोटो काढले. शेवटची पाळी ४ तारखेला आली होती, एक्स-रे त्याच महिन्याच्या २९ला काढला. पुढची पाळी चुकली, तपासणी केली तर दिवस राहिलेले. सहा वर्षं वाट पाहिली होती आम्ही. आता एक डॉक्टर म्हणतात, ‘रिस्क कशाला घेता, पिशवी साफ करून घ्या, पुन्हा राहतील.’ घरात दोन तट पडलेत. रात्र रात्र झोप लागत नाही. फोटो काढताना मला कुणी काही विचारलंही नव्हतं.

उत्तर : आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. या एक्स-रेसाठी गर्भपात करायचं काहीही कारण नाही.

आता कारणं. शरीरात किती किरणं मुरली ते मिलिग्रे या मापात मोजतात. कमरेच्या मणक्याचा फोटो काढताना गर्भाशय थेट किरणांच्या वाटेत येतं, म्हणून साध्या एक्स-रेंमध्ये गर्भाच्या दृष्टीने हा त्यातल्या त्यात मोठा. तरीही गर्भाला मिळणारी मात्रा साधारण १ ते १० मिलिग्रे. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने गरोदरपण आणि वैद्यकीय किरणं या विषयावर २००० साली स्वतंत्र पुस्तिका काढली. तिच्यात स्वच्छ लिहिलं आहे की गर्भाला १०० मिलिग्रेपेक्षा कमी मात्रा मिळाली असेल, तर केवळ किरणांचं कारण देऊन गर्भपात करणं समर्थनीय नाही. तुमची मात्रा त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आतबाहेर. आणि एकही एक्स-रे न काढता, जमिनीतून, हवेतून आणि आकाशातून येणाऱ्या नैसर्गिक किरणांपासून प्रत्येक गर्भाला नऊ महिन्यांत अर्धा ते एक मिलिग्रे मिळतोच.

त्या पुस्तिकेत एक छोटा तक्ता आहे. घाबरलेल्या जोडप्यासमोर मी तोच ठेवते. जादा किरणं अजिबात न मिळालेल्या १०० गर्भांपैकी ९७ जन्मतः व्यंग नसलेले असतात. १० मिलिग्रे मिळालेल्यांमध्येही ९७च. बालपणी कॅन्सर न होण्याची शक्यता मात्र ९९.७ टक्क्यांवरून ९९.६ टक्क्यांवर येते. हा दशांश मी लपवत नाही, कारण तो शोधून काढणाऱ्या बाईबद्दल मला फार आदर आहे. ॲलिस स्ट्युअर्ट या ऑक्सफर्डच्या डॉक्टर. कॅन्सरने दगावलेल्या मुलांच्या आयांना त्यांनी गरोदरपणातल्या बारीकसारीक गोष्टी विचारल्या, आणि १९५६मध्ये पहिल्यांदा मांडलं की पोटाचा एक्स-रे काढलेल्या आयांचं प्रमाण त्यांच्यात जास्त आहे. त्या काळी बाळंतपणाआधी ओटीपोटाच्या हाडांचं माप घ्यायला सर्रास एक्स-रे काढत, आणि आजच्यापेक्षा कितीतरी जास्त किरणं वापरत. स्ट्युअर्टबाईंचं म्हणणं कित्येक वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. आज गरोदर बाईच्या पोटाचा एक्स-रे आम्ही सहजासहजी काढत नाही, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

पण काढण्याआधी घ्यायची काळजी वेगळी आणि काढून झाल्यावरची भीती वेगळी. पहिली हवीच. दुसरीने घात होतो. १९८६मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. ग्रीस तिथून लांब, लोकांना मिळालेली जादा मात्रा एक मिलिग्रेच्या आसपासही जेमतेम. तरी तिथे पुढच्या काही आठवड्यांत निव्वळ धास्तीने सुमारे अडीच हजार हवी असलेली गर्भारपणं पाडली गेली, असा अंदाज पुढच्याच वर्षी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ‘रिस्क कशाला घेता’ म्हणणाऱ्यांपैकी कुणी ती रिस्क मोजून पाहिली होती का, कोण जाणे.

तुमच्या तारखांचंही गणित मांडू. पाळीचा पहिला दिवस ४, एक्स-रे २९. म्हणजे पाळीचा सव्विसावा दिवस, गर्भधारणा होऊन जेमतेम बारा दिवस. या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ म्हणजे पेशींचा पुंजका असतो. खूप मोठ्या मात्रेने तो टिकत नाही, आणि टिकला तर बहुधा धडधाकट वाढतो. त्यानंतर आठव्या आठवड्यापर्यंत अवयव घडतात. आठ ते पंधरा आठवडे मेंदू सगळ्यात नाजूक असतो, हे हिरोशिमा आणि नागासाकीला १९४५मध्ये आईच्या पोटात असलेल्या मुलांच्या पाहणीतून कळलं. तिथेही दोष दिसले ते तुमच्या मात्रेच्या अनेक पटींनी जास्त किरणं मिळालेल्या मुलांमध्ये.

आता करायचं काय? एक्स-रेच्या नोंदीची प्रत मागून घ्या आणि तुमच्या प्रसूतितज्ज्ञांच्या फाइलला लावा. आकडा नेमका हवा असेल तर रुग्णालयाचे किरणभौतिकतज्ज्ञ यंत्राच्या नोंदींवरून तो काढून देतात. १८ ते २२ आठवड्यांची अवयव पाहणारी सोनोग्राफी सगळ्यांची होते तशी तुमचीही होईल. या एका कारणासाठी जास्तीच्या सोनोग्राफ्या नकोत.

शेवटी तुमच्या तक्रारीबद्दल. ‘पाळी कधी आली होती?’ हे यंत्रावरच्या माणसाने विचारायलाच हवं होतं. ते त्याचं काम आहे, तुमचं नाही.

प्रश्न : बायकोला तिसरा महिना. आतापर्यंत चार सोनोग्राफ्या झाल्या. त्या आवाजाने बाळाला चटका बसतो असं ऐकलं. खरं का? शिवाय बाळाच्या चेहऱ्याचा व्हिडिओ करून घ्यायचा आहे, आणि घरी ठोके ऐकायचं छोटं यंत्रही मागवलं आहे.

उत्तर : तीन प्रश्न एका पत्रात. हरकत नाही.

सोनोग्राफीत किरणं नसतात, आपल्या कानाला ऐकू न येणारा ध्वनी असतो. इयान डोनाल्ड या ग्लासगोच्या प्रसूतितज्ज्ञांनी १९५०च्या दशकात बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात धातूतल्या भेगा शोधणारं यंत्र पाहिलं, त्यावर काढलेल्या गाठी तपासून पाहिल्या, आणि १९५८मध्ये टॉम ब्राउन हा इंजिनिअर आणि जॉन मॅकव्हिकर हा सहकारी यांच्यासोबत पोटातल्या गाठींच्या तपासणीवर निबंध छापला. तेव्हापासून आजवर नेहमीच्या सोनोग्राफीने गर्भाला इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही.

चटक्याची गोष्ट मात्र अगदीच वाऱ्यावरची नाही. ध्वनीची ऊर्जा ऊतींमध्ये थोडी उष्णता निर्माण करते. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात टीआय आणि एमआय असे दोन आकडे सतत दिसत असतात. पहिला तापण्याचा अंदाज देतो, दुसरा ध्वनीच्या दाबाच्या परिणामाचा. साध्या करड्या चित्रात उष्णता नगण्य. रक्तप्रवाह मोजणाऱ्या स्पंद-डॉपलरमध्ये ती जास्त, कारण झोत एकाच जागी थांबतो. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत कारणाशिवाय डॉपलर लावू नये असा संकेत आहे. ठोके मोजायला एम-मोड नावाची साधी पद्धत पुरते. तुम्हाला विचारायचंच असेल तर ‘किती वेळा’पेक्षा ‘डॉपलर लावला का, आणि कशासाठी’ हे विचारा. चार सोनोग्राफ्यांनी बाळाचं काही बिघडलेलं नाही. पण रक्तस्राव नाही, दुखत नाही, तारखा जुळतात, तर त्या चार कशासाठी झाल्या हे मलाही कळलेलं नाही. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीची, अकरा ते चौदा आठवड्यांमधली, एक मात्र चुकवू नका. तोवर पोटात किती बाळं आहेत आणि नक्की किती दिवस झालेत हे तिच्यातून उत्तम कळतं.

चेहऱ्याचा व्हिडिओ: तपासणी चालू असताना सहज दिसला तर बघा, आनंद घ्या. फक्त आठवण म्हणून अर्धा-पाऊण तास यंत्र लावून बसू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही अशा हौशी चित्रणाला विरोध केला आहे.

घरचं यंत्र परत करा. त्याने बाळ भाजत नाही. धोका असा की त्यात पुष्कळदा आईच्याच रक्तवाहिनीची धडधड ऐकू येते आणि घरचे निश्चिंत होतात. बाळाची हालचाल मंदावली असेल तर तातडीने दवाखाना गाठायचा. यंत्र कानाला लावून दिलासा शोधत बसायचं नाही.

प्रश्न : दाताच्या एक्स-रेच्या वेळी मी सहा महिन्यांची गरोदर होते. पोटावर शिशाचा एप्रन मागितला, तर ‘आता देत नाही’ म्हणाले. हा निष्काळजीपणा नाही का?

उत्तर : नाही. दाताच्या फोटोत गर्भापर्यंत पोचणारी मात्रा जवळजवळ मोजता न येणारी असते. जे थोडं पोचतं ते शरीराच्या आतूनच विखरून येतं, त्याला बाहेरचा एप्रन अडवू शकत नाही. उलट पोटाच्या आसपासचा फोटो असेल आणि एप्रन चुकून वाटेत आला, तर यंत्र आपोआप किरणं वाढवतं किंवा फोटो पुन्हा काढावा लागतो. वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २०१९मध्येच ही नेहमीची झाकाझाकी थांबवा असं सांगितलं. माझ्याकडे कुणी आग्रहाने मागितला तर मी देते, वाद घालत नाही. मनाला बरं वाटण्याला काही किंमत नाही असं थोडंच आहे. पण एप्रन नाही म्हणून दात तसाच किडू देऊ नका. हिरडीत पू धरला तर तो पोटातल्या बाळासाठीही वाईटच.

प्रश्न : सुनेला सातवा महिना. एकाएकी धाप लागायला लागली, डाव्या पोटरीला सूज आहे. रक्ताची गाठ असेल म्हणून छातीचा सीटी स्कॅन सांगितला. आम्ही नको म्हटलं, सीटीमध्ये शेकडो एक्स-रेंइतकी किरणं असतात म्हणतात. डॉक्टरांनी अंदाजानेच इंजेक्शनं सुरू केली आहेत. बरोबर केलं ना आम्ही?

उत्तर : आजी, या पत्राला छापील उत्तराची वाट पाहायला लावली नाही. संपादकांमार्फत त्याच दिवशी निरोप पाठवला होता. इथे लिहिते ते इतरांसाठी.

बरोबर नाही केलंत. हेतू चांगला होता, पण हिशेब उलटा झाला. सीटीत किरणं जास्त असतात हे खरं, पण ती कुठे पडतात हे बघायला हवं. विजेरीचा झोत भिंतीच्या एका कोपऱ्यावर टाकला तर दुसऱ्या कोपऱ्यात पुसट उजेडच पोचतो, तसं हे आहे. छातीचा सीटी करताना गर्भाशय झोताच्या बाहेर असतं. गर्भाला मिळते ती आतून विखुरलेली मात्रा, साधारण ०.०१ ते ०.६६ मिलिग्रे. वरच्या पहिल्या पत्रातल्या बाईंच्या कमरेच्या साध्या एक्स-रेने बाळाला याहून जास्त किरणं दिली. हे ऐकून डॉक्टरसुद्धा कधीकधी माझ्याकडे अविश्वासाने बघतात.

दुसऱ्या बाजूला काय आहे? पायातली गाठ सुटून फुप्फुसात अडकणं हे जगभर गरोदर आणि बाळंत बायकांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. आई गेली तर पोटातल्या बाळाचं किरणांपासून केलेलं रक्षण काय कामाचं? तपासणी न करण्यालाही धोका असतो. तो आकड्यात छापलेला नसतो, म्हणून घरच्यांना दिसत नाही.

अंदाजाने उपचार हा मधला मार्ग वाटतो, पण तोही फुकटचा नाही. रक्ताच्या गाठीवर देतात ती हेपारिनची इंजेक्शनं वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाकडे जात नाहीत, तेवढं चांगलं. पण गाठ आहे असं धरलं तर ती उरलेलं सगळं गरोदरपण आणि बाळंतपणानंतरही किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. कळा सुरू होण्याच्या सुमारास ती थांबवायची वेळ साधावी लागते, नाहीतर रक्तस्रावाची भीती, आणि पाठीतून भूल देता येईल की नाही हाही प्रश्न. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात तो शिक्का सोबत येतो, गर्भनिरोधक गोळ्या निवडतानाही येतो. गाठ नव्हतीच, तर हे सगळं कशासाठी?

सुनेच्या बाबतीत सीटीच्या आधी करण्यासारखी एक गोष्ट होती, आणि निरोपात मी तीच सांगितली होती: पोटरी सुजली आहे ना, मग आधी पायाच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी. तिथे गाठ सापडली तर उपचार तोच, मग बहुतेक वेळा छातीच्या सीटीची गरजच उरत नाही. पाय साफ निघाले तर छातीचा साधा एक्स-रे, आणि मग सीटी किंवा टेक्निशियम हे किरणोत्सारी औषध देऊन केलेला फुप्फुसाचा स्कॅन. दोन्हींत बाळाला मिळणारी मात्रा एक मिलिग्रेच्या आत. सीटीत आईच्या स्तनांना किरणं जास्त मिळतात, म्हणून छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल तर काही ठिकाणी टेक्निशियमचा स्कॅन पसंत करतात. अपरात्री जे उपलब्ध असेल ते लगेच करणं, या निवडीपेक्षा महत्त्वाचं.

सीटीसाठी शिरेतून जे आयोडीनचं औषध देतात ते वार ओलांडतं, पण त्याने व्यंग आल्याचं दिसलेलं नाही. गरज असेल तर ते द्यावं.

नातेवाइकांनी नकार द्यायच्या आधी एवढं जरूर विचारावं: ‘या फोटोवरून तुम्ही काय ठरवणार आहात?’ उत्तर स्पष्ट आलं तर फोटो काढू द्या. ‘सहज बघून घेऊ’ असं आलं तर खुशाल हरकत घ्या, तेव्हा मी तुमच्या बाजूने.

प्रश्न : पाचवा महिना, उजव्या बाजूला दुखतं. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलंच नाही, म्हणून एमआरआय सांगितला आहे. इतक्या जोरदार चुंबकाने आणि आवाजाने बाळाला काही होणार नाही ना?

उत्तर : करून घ्या, आणि आजच. गर्भाशय वाढलं की अपेंडिक्स वर सरकतं, आतड्यांमागे दडतं, त्यामुळे सोनोग्राफीत न दिसणं नेहमीचं. अपेंडिक्स फुटलं तर बाळ दगावण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. आवाज तुमच्या कानाला त्रास देतो, म्हणून कानात बोळे घालतात. बाळाच्या कानांना इजा झाल्याचं दिसलेलं नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १४ लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी पाहून २०१६मध्ये एक अभ्यास छापला गेला. पहिल्या तीन महिन्यांत एमआरआय झालेल्यांच्या बाळांमध्येही जादा अपाय दिसला नाही.

त्याच अभ्यासात एक इशारा होता. शिरेतून गॅडोलिनियम नावाचं औषध देऊन एमआरआय केला, तर बाळ मृत जन्मण्याचं किंवा जन्मल्यावर लवकर दगावण्याचं, तसंच पुढे सांध्यांचे आणि त्वचेचे दाहक आजार होण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. हे औषध वारेतून गर्भजलात जातं, बाळ ते गिळतं, आणि ते तिथेच फिरत राहतं. अपेंडिक्स बघायला त्याची गरज नसते. तुमच्या चिठ्ठीवर ‘कॉन्ट्रास्ट’ असं लिहिलेलं असेल, तर टेबलावर झोपायच्या आधी का ते विचारा.

एमआरआय वेळेत मिळत नसेल तर सीटी. हो, पोटाचा सीटी. त्यात गर्भाला मोठी मात्रा मिळते, दहा मिलिग्रेच्या पुढे, यंत्र आणि पद्धतीनुसार तीस-पस्तीसपर्यंतही. मी तो आनंदाने करत नाही. पण फुटायला आलेलं अपेंडिक्स घेऊन रात्र काढण्यापेक्षा तो बरा.

प्रश्न : मी स्वतः एक्स-रे टेक्निशियन आहे. दुसरा महिना लागलाय. कामावर सांगू की लपवू? नोकरीवर परिणाम नको.

उत्तर : लगेच सांगा, आणि लेखी सांगा. सांगितल्याशिवाय संरक्षणाचे नियम तुम्हाला लागू होत नाहीत. आंतरराष्ट्रीय आयोगाची शिफारस अशी की कळवल्यापासून बाळंतपणापर्यंत कामामुळे गर्भाला साधारण १ मिलिसिव्हर्टपेक्षा (एक्स-रेच्या बाबतीत हे मिलिग्रेइतकंच धरा) जास्त मात्रा मिळू नये. काचेआड उभं राहून काम करणाऱ्या टेक्निशियनच्या बाबतीत ही मर्यादा सहसा ओलांडली जात नाही, त्यामुळे घरी बसायची गरज नाही. दोन कामं मात्र सोडा: फोटो काढताना लहान मूल किंवा थरथरणारा पेशंट धरून उभं राहणं, आणि यंत्र सतत चालू असतं अशा कॅथलॅबची, म्हणजे हृदयाची अँजिओग्राफी करतात त्या खोलीतली, पाळी. वॉर्डात नेलेल्या यंत्रावर काम करावं लागलं तर लांब उभ्या राहा. अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाई होते. यापेक्षा स्वस्त उपाय नाही. किरणं मोजणारा एक जादा बॅज मागून घ्या आणि तो एप्रनच्या आत, कमरेशी लावा. छातीवरचा बॅज बाळाचं सांगत नाही. एमआरआय विभागात बदली मिळाली तर चालेल, फक्त स्कॅन चालू असताना यंत्राच्या खोलीत थांबू नका.

प्रश्न : बाळ दोन महिन्यांचं. माझा कॉन्ट्रास्ट घालून सीटी झाला. दोन दिवस दूध पिळून टाकायला सांगितलं. बाळ उपाशी रडतंय.

उत्तर : पाजा. दिलेल्या आयोडीनच्या औषधापैकी एक टक्क्याहून कमी दुधात उतरतं, आणि त्यातलंही एक टक्क्याहून कमी बाळाच्या आतड्यातून रक्तात जातं. गॅडोलिनियमचंही तेच, दुधात नगण्य. दूध टाकून देण्याची जुनी सवय कागदावरून गेली, तोंडातून जायला वेळ लागतोय. साध्या एक्स-रे आणि सीटीची किरणं यंत्र बंद होताच संपतात, ती दुधात साठत नाहीत.

अपवाद अणुवैद्यकाचा, म्हणजे किरणोत्सारी औषध शरीरात देऊन केलेल्या तपासण्यांचा. टेक्निशियमची ताकद दर सहा तासांनी अर्धी होते. कोणत्या स्वरूपात दिलं त्यावर काही तास थांबायचं की थांबायचंच नाही हे ठरतं, तपासणीच्या वेळीच विचारून घ्या. थायरॉइडसाठी देतात ते आयोडीन-१३१ मात्र पूर्ण वेगळं. गरोदरपणात ते देतच नाहीत, कारण दहा-बारा आठवड्यांनंतर बाळाची स्वतःची थायरॉइड ते शोषून घेते आणि जळते. अंगावर पाजणाऱ्या आईला ते द्यायचं असेल तर त्या बाळाचं स्तनपान त्याआधी काही आठवडे कायमचं सोडवावं लागतं, म्हणून तारीख घेण्यापूर्वीच अंगावर पाजत असल्याचं सांगायचं.